नामिबियाचा वाळवंटी किनारा, दोघं आणि टपावरचा तंबू : कुठलं काम आधी, कुठलं नंतर

नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला उतरायचं, टपावर तंबू असलेली फोर बाय फोर भाड्याने घ्यायची, सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या बघून स्वाकोपमुंडला समुद्रावर यायचं आणि तिथून स्केलेटन कोस्ट धरून उत्तरेला जायचं. ही सहल आम्ही दोघांनी दोनदा केली. पहिली रडतखडत, दुसरी बऱ्यापैकी. तेव्हापासून ओळखीतली जोडपी आमच्याकडून सामानाची यादी मागून नेतात आणि परत आल्यावर आमच्याच पहिल्या सहलीतल्या तक्रारी आम्हाला ऐकवतात. सामान सगळ्यांकडे असतं. घोळ होतो तो क्रमात: विमान आधी, तंबू लावायचे तळ नंतर, गाडी घेतली की लगेच निघायचं, तपासणी नंतर, वाळूत रुतलो की मग चाकांतली हवा आठवायची. म्हणून या वेळी यादीऐवजी क्रमच लिहिते आहे.

१. आधी उजेड मोजा, किलोमीटर नंतर

बहुतेक लोक मे ते ऑक्टोबर या कोरड्या मोसमात जातात. म्हणजे तिथला हिवाळा. जून-जुलैमध्ये या भागात सूर्य साडेसात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. अंधारात शहराबाहेर गाडी चालवायची नाही. कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणं रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या बऱ्याच करारांत सूर्यास्तानंतरच्या अपघाताला विमा लागू होत नाही. तळावर पोचून तंबू, चूल आणि जेवण उजेडात उरकायला दीड तास लागतो. सकाळी आवरून निघायलाही तेवढाच. मध्ये पाय मोकळे करायला आणि जेवायला थांबणं आलंच. उरलेल्यातले पाच-सहा तास गाडीला द्या.

खडीच्या रस्त्यावर कायद्याने १०० ची मर्यादा आहे. भाड्याच्या कंपन्या बहुधा ८० च्या वर जाऊ देत नाहीत आणि गाडीत बसवलेल्या यंत्रातून ते बघतातही. थांबे धरून प्रत्यक्षात ताशी ६० पडतात. फोनवरचा नकाशा याहून बराच आशावादी असतो. त्याने चार तास सांगितले की साडेपाच धरा.

या हिशेबाने दहा दिवस असे बसतात:

दिवस १: विंडहुक. गाडी, खरेदी, मुक्काम. निघायचं नाही.
दिवस २: विंडहुक ते सेसरीम. रस्ता कुठला धरता त्यावर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर.
दिवस ३: सोसुसव्लेई. मुक्काम पुन्हा सेसरीम.
दिवस ४: सेसरीम, सॉलिटेअर, वॉल्विस बे, स्वाकोपमुंड. साधारण साडेतीनशे किलोमीटर, बहुतेक खडी.
दिवस ५: स्वाकोपमुंड. गाडीला आणि एकमेकांना विश्रांती.
दिवस ६: हेन्टीस बे, केप क्रॉस, तिथेच आसपास मुक्काम.
दिवस ७: स्केलेटन कोस्ट ओलांडून पामवाग.
दिवस ८ आणि ९: दक्षिणेला वळून श्पिट्सकोपे. वाटेत एक मुक्काम.
दिवस १०: विंडहुक.

नेहमीची चूक: यातच इटोशा हे उत्तरेकडचं प्राण्यांचं मोठं उद्यान घुसडणं. इटोशा हवंच असेल तर चौदा दिवस काढा. नाहीतर स्केलेटन कोस्ट सोडा. दोन्ही कोंबलं की रोज सहा वाजता धुरळ्यात मावळता सूर्य डोळ्यांवर घेत गाडी हाकणं नशिबी येतं.

२. बुकिंग: तळ, गाडी, विमान

याच क्रमाने. सेसरीमला उद्यानाच्या आतल्या फाटकापाशी सरकारी तळ आहे आणि सगळी सहल त्याच्या तारखांवर टांगलेली असते. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. आत मुक्काम असणाऱ्यांना मात्र तासभर आधी पुढे सोडतात. टेकड्यांवर पहिलं ऊन पडताना तिथे असायचं तर हा तळच हवा. जुलै ते ऑक्टोबरच्या तारखा काही महिने आधीच भरतात. तो मिळाला की त्याभोवती बाकीचे मुक्काम बसवा, मग गाडी, मग विमान. उलट केलंत तर विमान स्वस्त पडेल आणि पहाट फाटकाबाहेर रांगेत जाईल.

‘मोकळ्या माळावर कुठेही तंबू ठोकू’ हा विचार डोक्यातून काढा. सगळा किनारा राष्ट्रीय उद्यानांत येतो आणि ठरलेल्या तळांबाहेर मुक्काम चालत नाही. नदीच्या कोरड्या पात्रात तर मुळीच नाही. आडोसा आणि सावली बघून मोह होतो, पण उगाब, हुआब ही पात्रं वाळवंटी हत्तींच्या जाण्यायेण्याच्या वाटा आहेत. आणि पावसाळ्यात दूर आत कुठेतरी पाऊस पडला की निरभ्र आकाशाखाली पाण्याचा लोंढा येतो.

कागदांचं थोडक्यात: व्हिसाचा सध्याचा नियम दूतावासाच्या पानावर स्वतः वाचा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. दोघांनीही काढा आणि करारात दोघांची नावं चालक म्हणून घाला. एकाच्या पोटाने संप केला की याची किंमत कळते. गाडी डाव्या बाजूने चालते, ती सवय आपल्याला आहेच.

३. गाडी ताब्यात घेताना दीड तास द्या

याच पायरीवर सगळ्यांना घाई असते. रात्रभराच्या प्रवासाने डोळे मिटत असतात, समोरचा माणूस भराभर खण उघडून दाखवतो आणि आपण ‘हो हो’ म्हणत सही करतो. आमचंही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी पंक्चर झालं तेव्हा कळलं की चाकाच्या चार नटांबरोबर चोरीविरोधी असा पाचवा, वेगळ्या खाचांचा नट आहे आणि त्याची चावी आमच्या गाडीत नाही. दोन स्टेपन्या, जॅक, पाना सगळं समोर मांडून आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला दुसऱ्या गाडीची वाट बघत बसलो. कंपनीची चूक होतीच. पण दाखवून घेतलं नाही, ही आमची.

म्हणून गाडी तिथेच उभी असताना, त्यांच्या माणसासमोर, स्वतःच्या हाताने हे करा:

एक स्टेपनी खाली उतरवून परत चढवा. स्टेपन्या दोन हव्यात. दोन्हींतली हवा मोजा.

एका चाकाचा प्रत्येक नट पान्याने जरासा सैल करून पुन्हा आवळा. कुलपी नट असेल तर चावी इथेच सापडेल किंवा इथेच सापडणार नाही.

कॉम्प्रेसर इंजिन चालू ठेवून चालवून बघा. मीटर बघा. फावडं, टोचनाची दोरी आणि जॅकखाली घालायची फळी आहे का बघा. फळी नसेल तर जॅक वाळूत खाली जाईल, गाडी वर येणार नाही.

फोर बाय फोर आणि लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) प्रत्यक्ष लावून दहा मीटर चालवा. प्रत्येक गाडीचा खटका वेगळा असतो.

फ्रिज दुसऱ्या बॅटरीवर चालतो का, गॅसची टाकी भरलेली आहे का, शेगडी पेटते का.

तंबू पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद करा. एकदा त्यांनी, एकदा तुम्ही दोघांनी. चेन, शिडीचे खटके, गादी, कव्हरचे पट्टे बघा.

गाडीला चारी बाजूंनी, काचेला आणि खालच्या बाजूला फिरून व्हिडिओ घ्या.

सावधान: विम्याचं पान तिथेच वाचा. टायर, काच, गाडीची खालची बाजू, समुद्राच्या पाण्याने झालेलं नुकसान, वाळूच्या माराने उडालेला रंग आणि दुसरी गाडी नसताना झालेला अपघात या गोष्टी साध्या विम्यात बहुधा नसतात. यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची. खडीवर गाडी घसरून उलटते तेव्हा समोर दुसरं कोणी नसतंच.

४. पाणी, डिझेल, सामान

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर. भांडी-तोंड वेगळं. त्याखेरीज वीस लिटरचा एक कॅन ‘नाही’ समजायचा, तो फक्त गाडी बंद पडली तर उघडायचा. किनाऱ्यावर धुक्याच्या गारव्यात तहान लागत नाही आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं. ढगाळ दिसतं म्हणून टोपी काढली की त्याच दुपारी नाक सोलतं.

डिझेलचा नियम एकच: पंप दिसला की टाकी भरा, अर्धी असली तरी. सेसरीम, सॉलिटेअर, वॉल्विस बे, स्वाकोपमुंड, हेन्टीस बे इथे पंप आहेत. रोख जवळ ठेवा, कार्डाचं यंत्र कधी चालतं, कधी नाही. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकाच किमतीचे आहेत आणि नामिबियात दोन्ही चालतात. पण उरलेले नामिबियन डॉलर बाहेर कोणी घेत नाही, म्हणून सुट्टे परत घेताना शक्य तिथे रँड मागा.

सामान भरताना जड ते खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे. टपावर तंबू आधीच आहे, त्याच्या वर किंवा शेजारी लाकडाच्या मोळ्या बांधू नका. शेकोटीचं लाकूड पंपावर आणि दुकानात मिळतं. माळावर पडलेलं वाळकं लाकूड उचलायचं नाही, तिथे तेवढंच कुणाचं तरी घर असतं.

मांस खाणार असाल तर एक गोष्ट. जनावरांची रोगराई रोखण्यासाठी देशाच्या आरपार कुंपण घातलेलं आहे आणि उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेऊ देत नाहीत. पामवागला असं एक नाकं आहे. आठव्या दिवशी तिथून खाली यायचं आहे, म्हणजे सातव्या रात्रीच्या निखाऱ्यांवर सगळं संपवा.

थांबा, तपासा: विंडहुक सोडण्यापूर्वी दोघांच्या फोनमध्ये इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा उतरवला आहे ना? स्थानिक सिम घातलं तरी शहर सोडल्यावर तासन् तास रेंज नसते. आजचा मुक्काम कुठे आणि कितीपर्यंत पोचणार, हे रोज सकाळी घरच्या एका माणसाला कळवा.

५. चाकांतली हवा

एकच पायरी नीट करायची असेल तर ही. डांबरी रस्त्याला लागणारी हवा खडीवर ठेवली की टायर टणक राहतो, टोकदार दगडावर चिरतो आणि गाडी रस्त्याच्या वळ्यांवर उड्या मारते. हवा कमी केली की टायर पसरतो, दगड पोटात घेतो आणि पकड वाढते.

सामानाने भरलेल्या डबल कॅबसाठी (चार दारांची पिकअप) आम्ही वापरलेले आकडे: डांबरीवर ३२ ते ३५ पीएसआय, खडीवर २६ ते २८, खोल वाळूत १५ ते १७. तुमच्या गाडीसाठी कंपनीने वेगळे आकडे दिले असतील तर तेच धरा, पण तीन वेगळे आकडे विचारून घ्या.

मोजायचं सकाळी, चाकं थंड असताना. तासभर चालवल्यावर टायर तापतो आणि मीटर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. त्याला भिऊन आणखी हवा सोडली की रात्री टायर बसलेला मिळतो.

आणि उलट दिशेची चूक, जी जास्त धोक्याची आहे: वाळूसाठी हवा सोडली आणि डांबरी लागल्यावर परत भरलीच नाही. मऊ टायरवर वेगाने गेलं की तो तापून फाटतो. वाळू संपली की तिथल्या तिथे कॉम्प्रेसर काढा. ‘पुढच्या पंपावर भरू’ म्हणायचं नाही, पुढचा पंप साठ किलोमीटरवर असतो.

आम्ही पुढच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटपट्टी लावून त्यावर सध्याचा आकडा लिहायचो. शेजारी बसलेल्याने रस्ता बदलला की तो मोठ्याने वाचायचा. बालिश वाटतं, पण दुसऱ्या सहलीत एकही टायर गेला नाही.

६. खडीवर चालवणं

पहिल्या दिवशी खडी लागल्यावर वीस मिनिटं पन्नासनेच चालवा. गाडी हलकीशी तरंगल्यासारखी वाटते, ती सवय अंगात मुरू द्या. चाकोरीत राहा. दोन चाकोऱ्यांच्या मधला सैल खडीचा उंचवटा तिरका ओलांडायचा नाही. वळणापूर्वी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. मागची बाजू सरकली तर पाय काढा आणि चाक हळू सरळ करा. जोरात ब्रेक आणि जोरात वळण, या दोन्हींच्या बेरजेनेच गाड्या उलटतात.

समोरून गाडी आली की डावीकडे व्हा, वेग उतरवा. पुढची काही सेकंद धुरळ्याशिवाय काहीच दिसणार नाही. हेडलाइट दिवसाही चालू. चढाच्या माथ्यावर पलीकडचं दिसत नाही, आणि पलीकडे एखादा जण रस्त्याच्या मधोमध थांबून फोटो काढत असतो.

दोघांत काम वाटून घ्या आणि दर दोन तासांनी अदलाबदल करा. चालवणारा फक्त रस्ता बघतो. शेजारचा फाटे, खोलगट ओढे आणि जनावरं सांगतो. शेजारच्याने ‘जरा हळू’ म्हटलं की चालवणाऱ्याने वाद न घालता हळू करायचं. हा नियम आम्ही पहिल्या सहलीच्या चौथ्या दिवशी केला. आधी करायला हवा होता.

७. सोसुसव्लेईचे शेवटचे पाच किलोमीटर

सेसरीमपासून साठ किलोमीटर डांबरी आहे. मग साध्या गाड्यांचा वाहनतळ येतो आणि पुढे पाच किलोमीटर खोल वाळू. इथे रोज कोणीतरी रुततं. तळावरून वाळूत जाणाऱ्या गाड्या मिळतात. वाळूचा अनुभव नसेल तर त्यात खुशाल बसा, कमीपणा काही नाही.

स्वतः जाणार असाल तर क्रम असा. वाहनतळावर थांबा, हवा १५-१६ वर आणा. फोर बाय फोर लावा, लो रेंज लागली तर तयार ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवा, मध्ये गिअर बदलू नका, ब्रेक मारू नका. थांबायचंच असेल तर टणक जागी किंवा उतारावर, ब्रेक न मारता गाडीला आपोआप थांबू द्या.

गाडी रुतली तर ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच उचला. चाक फिरत राहिलं की पाच सेकंदांत गाडीचं पोट वाळूला टेकतं आणि दहा मिनिटांचं काम तासाचं होतं. खाली उतरा, चाकांच्या पुढची-मागची वाळू फावड्याने काढा, पोटाखालची काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय सोडा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. पुढे जायची घाई नको, मागची वाळू निदान दाबली गेलेली असते.

डेडव्लेई म्हणजे वाळलेल्या झाडांचं पांढरं मैदान. तिथपर्यंत वाळूच्या रस्त्याच्या टोकापासून किलोमीटरभर वाळूतून चालायचं आहे. सकाळीच जा. दहानंतर वाळू तापते.

८. सी १४ या रस्त्यावरून किनाऱ्याकडे

सॉलिटेअरनंतर गाउब आणि कुईसेब हे दोन घाट लागतात. उतरताना गिअरवर उतरा. पुढे तासन् तास सपाट माळ, आणि मग एकदम हवा गार होते. समुद्रातल्या थंड बेंग्वेला प्रवाहामुळे किनाऱ्यावर धुकं साचतं आणि ते वाळवंटात बरंच आतपर्यंत शिरतं. दुपारी टेकड्यांत घाम पुसणारे तुम्ही संध्याकाळी स्वाकोपमुंडला स्वेटर शोधत असता, आणि तो पिशवीच्या तळाशी असतो. म्हणून त्या दिवशी गरम कपडे वर ठेवा.

रस्ता सोडून माळावर गाडी घालू नका. दिसायला तिथे काही नसतं, पण हेन्टीस बेच्या आसपासच्या मैदानांवर दगडफूल पसरलेलं आहे. स्वयंपाकघरात आपण वापरतो त्याच्याच जातकुळीतलं, धुक्यावर जगणारं, अतिशय सावकाश वाढणारं. एकदा चाक गेलं की तो ओरखडा दशकानुदशकं पुसला जात नाही. शिवाय दंड होतो.

सावधान: वॉल्विस बेच्या दक्षिणेला सँडविच हार्बरला स्वतःची गाडी नेऊ नका. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधली पट्टी भरतीत नाहीशी होते. स्थानिक चालकाबरोबर जा.

हिवाळ्यात कधी कधी वाळवंटाकडून गरम पूर्ववारा सुटतो आणि रस्त्यावरून वाळूचे पट्टे धावायला लागतात. तेव्हा गाडीचा रंग आणि काच दोन्ही खरवडून निघतात. आडोसा धरून वारा पडेपर्यंत बसून राहा.

९. तंबू: लावणं सोपं, मिटवणं कठीण

टपावरचा तंबू लावण्याआधी गाडी समपातळीत आणा. पाण्याची बाटली बॉनेटवर आडवी ठेवा, गडगडली की चाकाखाली चपटा दगड घालून बघा. डोकं उताराकडे गेलं की रात्रभर झोप नाही. किनाऱ्यावर दुपारनंतर वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून तंबूचं दार त्याच्या उलट बाजूला. कव्हरचे पट्टे सुटे सोडलेत तर रात्रभर फडफड ऐकाल, ते खिडकीखाली बांधून टाका. शिडी दोन्ही बाजूंचे खटके लागल्याशिवाय चढू नका. रात्री उठायची सवय ज्याला आहे त्याने दाराकडे झोपायचं. हे ठरवायला आम्हाला तीन रात्री लागल्या.

चपला-बूट खाली ठेवायचे नाहीत. सेसरीमला नवऱ्याने सँडल शिडीपाशी नीट जोडीने ठेवल्या होत्या. सकाळी एक होती. दुसरी दोन तळ पलीकडे काटेरी झुडपाखाली सापडली, पट्टा चावून चोथा केलेला. तिथले कोल्हे पादत्राणांचे शौकीन आहेत. भांडी, कचरा, तेल लागलेला कागद, सगळं गाडीत. गाडीत ठेवलेले बूटही सकाळी उलटे करून झटका, विंचू आत शिरतात.

आता मिटवणं. वाळवंटात तंबू सकाळी कोरडा असतो, दहा मिनिटांत मिटतो. किनाऱ्यावर धुक्याने कापड बाहेरून ओलं आणि आपल्या श्वासाने आतून ओलं. पहिल्या सहलीत आम्ही तसाच दाबून मिटवला. संध्याकाळी उघडला तर गादीच्या कडा भिजलेल्या आणि सगळ्याला ओल्या गोणपाटाचा वास. यावर उपाय तीन. एक, रात्री दोन्ही बाजूंच्या जाळ्या बोटभर उघड्या ठेवा, थंडी वाजली तरी. दोन, सकाळी आधी चहा करा, आतलं कापड फडक्याने पुसा, अंथरूण काढून गाडीत टाका आणि कव्हर शेवटी ओढा. तीन, पुढच्या मुक्कामावर पोचल्या पोचल्या, इतर काही करण्याआधी तंबू उघडून टाका.

माझं मत विचाराल तर स्वाकोपमुंडच्या दोन रात्री खोलीत काढा. कपडे धुऊन होतात, फ्रिजची बॅटरी विजेवर भरता येते आणि चार दिवसांची वाळू कानांतून निघते. किनाऱ्यावर तंबूतच झोपायचं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही, धुक्यात समुद्र तसाही दिसत नाही.

१०. स्केलेटन कोस्ट: उलटा हिशेब

इथे वेळ शेवटाकडून मोजायची. स्केलेटन कोस्टच्या उद्यानात उगाबच्या फाटकातून शिरून स्प्रिंगबोकवासरच्या फाटकातून बाहेर पडायचं. आत मुक्कामाचं बुकिंग नसेल तर फाटकावर फक्त ओलांडून जाण्याचा परवाना मिळतो. त्यासाठी दुपारी तीनच्या आत शिरावं लागतं आणि संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी पलीकडे निघावं लागतं. पण तीन ही त्यांची वेळ झाली. तुम्हाला बाहेर पडून पुढे पामवागपर्यंत उजेडात पोचायचं आहे. म्हणून उगाबला सकाळी दहाच्या आधी हजर असा. उद्यानातल्या टोरा बेचा तळ फक्त डिसेंबर-जानेवारीत उघडतो आणि टेरेस बेला बुकिंगशिवाय जाता येत नाही, तेव्हा ‘जमेल तिथे राहू’ हा पर्यायच नाही.

डिझेल हेन्टीस बेला काठोकाठ. तिथून पामवागपर्यंत साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि मध्ये तुमच्या कामाचा पंप नाही.

रस्ता मिठाचा आहे: खडीत खारं पाणी घालून दाबलेला, दिसायला डांबरीसारखा काळसर आणि गुळगुळीत. कोरडा असला की सुखाचा. सकाळी धुक्याने ओलसर झाला की साबण लावल्यासारखा घसरतो. लकाकी दिसली की साठच्या खाली या. आणि तो डांबरी वाटतो म्हणून टायरमध्ये डांबरीची हवा भरू नका, उगाबच्या पुढे खडी आहेच.

केप क्रॉसला हजारो सील पहुडलेल्या असतात. जेवण त्याआधी उरका आणि तिथे काचा बंद ठेवा. दर्प कपड्यांत दोन दिवस राहतो.

थांबा, तपासा: फाटकावर नोंद करताना बाहेर पडण्याचं फाटक नीट सांगितलं का? स्प्रिंगबोकवासरला तुमची वाट बघितली जाते. बेत बदलून मागे फिरलात तर उगाबला सांगूनच निघा. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा, चालत निघायचं नाही. धुक्यात दिशा कळत नाही आणि या किनाऱ्यावर तरस आहेत, कधीमधी सिंहही दिसतात.

११. गाडी परत देताना

श्पिट्सकोपेहून विंडहुक हा जवळजवळ सगळा डांबरी रस्ता. निघाल्यावर डांबरी लागताच पुन्हा ३२ च्या वर हवा भरा. शेवटच्या दिवशी टायर फुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे राहून गेलेली खडीची हवा. श्पिट्सकोपेच्या तळावर नळ नसेल असं धरून दोन दिवसांचं पाणी आधीच भरून घ्या.

गाडी देण्याआधी धुलाई केंद्रात खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारून घ्या. मिठाच्या रस्त्याचा थर पोटाला चिकटलेला असतो आणि तपासणीत तोच आधी बघतात. धुतलेल्या गाडीचा पुन्हा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. तंबू त्यांच्यासमोर उघडून कोरडा असल्याचं दाखवा. स्टेपन्या दोन, फळी एक, फावडं एक, आणि कुलपी नटाची चावी त्यांच्या हातात देऊन यादीवर खूण करून घ्या. विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, तेव्हा विमान दुपारचं असेल तर हे सगळं आदल्या संध्याकाळीच उरका.